आडोशामागचा मारा: ऑनलाइन युद्धखेळात तोफखाना कसा बसवावा

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइल नेटवर युद्धखेळ खेळणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, की बंदुकीच्या लढाईत ज्याचं नेट जलद त्याचा वार पहिला. शहरात फायबरवर बसलेला खेळाडू कोपऱ्यातून बाहेर येतो, आणि आपल्या पडद्यावर तो नीट दिसायच्या आत आपण आडवे झालेलो असतो. सेकंदाच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यात निकाल लागतो, त्यामुळे त्यात हाताचं कसब किती आणि टॉवरची कृपा किती हे वेगळं काढता येत नाही.

तोफेच्या गोळ्याचं तसं नाही. तो हवेत पंधरा, वीस, कधी पस्तीस सेकंद असतो, आणि तेवढ्या वेळेपुढे नेटचा विलंब कुठल्या कुठे विरून जातो. इथे जमीन वाचणारा, हिशेब नीट मांडणारा आणि साथीदाराशी नेमकं बोलणारा खेळाडू जिंकतो. अमरावती, बडनेरा, अकोला इथल्या कॉलेजांत शिकता शिकता स्वतःचा खेळ बनवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: तोफ म्हणजे एका खेळाडूच्या हातातली मोठी बंदूक, अशा समजुतीने ती खेळात आणू नका. तिघांच्या बोलण्यातून पार पडणारं काम म्हणून ती बसवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका निर्णयावर उभ्या आहेत.

अप्रत्यक्ष मारा म्हणजे काय

बंदूक आणि रणगाडा थेट मारा करतात, म्हणजे डागणाऱ्याला लक्ष्य दिसत असतं. अप्रत्यक्ष माऱ्यात तोफ टेकडीमागे, नाल्यात किंवा झाडीत असते. गोलंदाजाला लक्ष्य दिसत नाही. दुसरा कोणीतरी पुढे जाऊन ते पाहतो आणि त्याची जागा कळवतो. मग दिशा व कोन ठरतो आणि गोळा आडोशाच्या डोक्यावरून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक मैदानी तोफा लक्ष्य डोळ्यांनी पाहूनच डागल्या जात. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोंगराआड लपवलेल्या तोफांचा उपयोग जगाने पाहिला आणि पुढे तीच रीत रूढ झाली.

आपल्या राज्यात हे शास्त्र शिकवणारी मोठी संस्था नाशिकजवळ देवळालीला आहे, भारतीय सैन्याचं तोफखाना विद्यालय. १९९९ च्या कारगिल युद्धात १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफांनी शिखरांवरच्या ठाण्यांवर मारा केला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या तोफेचा साध्या गोळ्याचा पल्ला सुमारे २४ किलोमीटर, म्हणजे साधारण नांदगाव खंडेश्वर ते बडनेरा एवढं रस्त्याचं अंतर. एवढा पल्ला खेळात मावत नाही. त्यामुळे सुरुवात उखळी तोफेपासून करा. ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफेचा पल्ला पाचेक किलोमीटर असतो, तिला माणसं उचलून नेतात, आणि चार-पाच किलोमीटरच्या नकाशात ती शोभते.

वऱ्हाडातल्या दोन लढायांचे धडे

तोफखान्याचा खेळ रचायला दूरच्या देशातली उदाहरणं शोधण्याची गरज नाही. १८०३ साली दोन मोठ्या लढाया वऱ्हाडातच झाल्या. त्या काळचा मारा बहुतांशी थेट होता, तरी खेळ रचणाऱ्याला त्यांतून जे मिळतं ते आजही खरं आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या काही पलटणी मोडून मागे पळाल्या आणि वेलस्लीला स्वतः त्यांना गोळा करावं लागलं. याच पलटणी दोनच महिने आधी, २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईत याहून कितीतरी जबर माऱ्यापुढे टिकल्या होत्या. वेलस्लीलाही याचं आश्चर्य वाटलं आणि ते त्याने लिहून ठेवलं. खेळ बनवणाऱ्यासाठी यातला धडा असा, की तोफ किती माणसं मारते यापेक्षा ती किती माणसांना जागेवरून हलवते, हे जास्त मोलाचं. जीव घेण्याची ताकद कमी ठेवली आणि दबावाची ताकद वाढवली, तर खेळ खऱ्या तोफखान्याच्या जवळ जातो.

दुसरी लढाई चिखलदऱ्याजवळच्या, भोसल्यांच्या ताब्यातल्या गाविलगड किल्ल्याची. दक्षिणेकडून चढ उभा, तिथल्या तोफांचा तटावर फारसा परिणाम होईना. मुख्य काम उत्तरेच्या बाजूने व्हायचं होतं. त्यासाठी कंपनीच्या फौजेतल्या स्टीव्हन्सन या अधिकाऱ्याच्या तुकडीने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत डोंगरातून वाट काढत जड तोफा बव्हंशी हातांनी ओढून नेल्या. १३ तारखेला मारा सुरू झाला आणि १५ तारखेला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. १७ डिसेंबरला भोसले आणि कंपनी यांच्यात देवगावचा तह झाला. मारा दोन दिवसांचा, पण त्याआधीचे पाच-सहा दिवस वाट पाडण्यात आणि तोफा ओढण्यात गेले. खेळातही तोफ योग्य जागी नेणं, तिला दारूगोळा पुरवणं आणि ती जागा राखणं यात संघाचा वेळ जायला हवा. बटण दाबलं आणि आकाशातून गोळे पडले, असं केलंत तर तोफखान्यातली अर्धी रंगत गेली.

पहिली पायरी: तीन माणसं, तीन कामं

निरीक्षक, गणक आणि गोलंदाज अशा तीन भूमिका ठेवा.

निरीक्षक पुढे असतो. त्याच्याकडे दुर्बीण हवी, आणि दुर्बिणीत दोनच आकडे दिसावेत: अंतर आणि दिशा. गणकाकडे नकाशा आणि पल्ल्याचा तक्ता असतो. तो निरीक्षकाच्या आकड्यांवरून तोफेचा कोन काढतो. गोलंदाज तोफ त्या कोनावर आणतो, गोळा भरतो, डागतो. खेळाडू कमी असतील तेव्हा गणक आणि गोलंदाज एकच चालेल, पण निरीक्षक वेगळाच हवा. ‘फॉक्सहोल’ या ऑनलाइन युद्धखेळात दुर्बीणवाला अंतर आणि दिशा सांगतो आणि तोफेवरचे खेळाडू त्यावर काम करतात. ‘स्क्वॉड’मध्ये उखळी तोफ चालवणाऱ्याला अंतरावरून कोन काढावा लागतो. लोक या कामात तासन्‌तास रमतात, कारण गोळा बरोबर पडला की तो सगळ्यांचा मिळून पडलेला असतो.

तिघांमधल्या बोलण्याची भाषा आधी ठरवा आणि ती मराठीत ठेवायला संकोच करू नका. ‘लांब दोनशे’, ‘जवळ शंभर’, ‘डावीकडे पन्नास’, ‘मारा सुरू’, ‘थांबा’ एवढ्या आज्ञा पुरतात. त्या आवाजासोबतच चक्राकार मेनूतूनही देता आल्या पाहिजेत. गावाकडे नेट कमजोर असलं की आवाज तुटतो, पण एक आज्ञा म्हणजे मोजके बाइट, त्या पोचतात. गोळा सुटला की निरीक्षकाला ‘सुटला’ असा संदेश जावा आणि पडायच्या पाच सेकंद आधी ‘पडतोय’ असा. खऱ्या तोफखान्यातही निरीक्षकाला असंच सावध करतात, म्हणजे नेमक्या क्षणी त्याची नजर लक्ष्यावर असते.

इथे एक अडचण ठरलेली. निरीक्षकाचं ‘उजवीकडे’ हे त्याच्या नजरेच्या रेषेपासूनचं असतं, तोफेच्या रेषेपासूनचं नसतं. निरीक्षक तोफेच्या रेषेला काटकोनात उभा असेल तर त्याचं ‘उजवीकडे पन्नास’ तोफेसाठी ‘लांब पन्नास’ किंवा ‘जवळ पन्नास’ होतं. हे रूपांतर नवख्यांसाठी खेळाने स्वतः करावं. मुरलेल्या खेळाडूंसाठी वेगळा स्तर ठेवा आणि तिथे गणकालाच पट्टी-कोनमापक घेऊन बसू द्या.

दुसरी पायरी: गणित

गणित अकरावीच्या प्रक्षेप्य गतीचं आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर सपाट जमिनीवर पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट उन्नत कोनाचा साइन, भागिले गुरुत्व त्वरण. समजा गोळ्याचा वेग सेकंदाला २०० मीटर. तर ४५ अंशावर जास्तीत जास्त पल्ला येतो ४,०८० मीटरच्या आसपास.

आता ३,००० मीटरवर मारायचं आहे. उत्तर दोन कोनांत येतं, सुमारे २३.७ अंश आणि ६६.३ अंश. पहिल्या कोनाने गोळा १६ सेकंदांत पोचतो आणि सुमारे ३३० मीटर उंच जातो. दुसऱ्या कोनाने त्याला ३७ सेकंद लागतात आणि तो १,७०० मीटर उंच जाऊन बराच उभा खाली येतो. मध्ये गाविलगडासारखा डोंगर असेल तर पहिला गोळा कड्याला धडकेल, दुसरा पलीकडे उतरेल. पण ३७ सेकंदांत लक्ष्य निघूनही जाऊ शकतं. खेळाडूला हे दोन्ही कोन वापरू द्या. लवकर पोचावं की उंचावरून जावं, हा निर्णय त्याला प्रत्येक माऱ्याला घ्यावा लागेल.

कोन अंशात न दाखवता मिलमध्ये दाखवा. तोफखान्यात वर्तुळाचे ६,४०० मिल धरतात. त्याचा फायदा तोंडी हिशेबात कळतो: हजार मीटरवर एक मिल म्हणजे जवळपास एक मीटर. तीन हजार मीटरवर दहा मिल म्हणजे तीस मीटर. आकडेमोड बोटांवर होते. वरचे दोन कोन मिलमध्ये साधारण ४२० आणि १,१८० येतात. ४२० च्या आसपास एक मिल उचललं की पल्ला साडेपाच मीटरने वाढतो, म्हणून तोफेचं चाक एकेका मिलने फिरलं तरी पुरे. १,१८० च्या बाजूला मात्र कोन वाढवला की पल्ला घटतो. नवखे इथे हमखास गोंधळतात. दोन्ही बाजूंचे तक्ते वेगळ्या रंगांत द्या.

पुढे हवेचा विरोध घालायचा असेल तर सूत्र पुरत नाही, गोळ्याची वाट छोट्या छोट्या पावलांनी मोजावी लागते. ती मोजणी एकदा करून पल्ल्याचा तक्ता तयार करा आणि तोच खेळाडूंच्या हाती द्या. तक्ता आणि प्रत्यक्ष गोळा यांत तफावत राहिली तर कोणी तुमच्या खेळावर विश्वास ठेवणार नाही. म्हणून दोन्ही एकाच फंक्शनमधून निघाले पाहिजेत.

तिसरी पायरी: चुका दोन प्रकारच्या ठेवा

हा भाग नीट समजून घ्या, कारण बरेच खेळ इथे फसतात. गोळा नेमका बिंदूवर पडू लागला तर तोफ राक्षसी होते. म्हणून रचनाकार एक मोठं वर्तुळ घेतो आणि त्यात कुठेही गोळा पाडतो. मग निरीक्षकाने कितीही चांगलं पाहिलं तरी काही सुधारत नाही आणि त्याची भूमिका पोकळ होते.

खऱ्या माऱ्यात दोन वेगळ्या चुका असतात. एक चूक संपूर्ण माऱ्याला सारखी लागते: वारा, दारूचं तापमान, नकाशावर चुकलेली जागा. तिच्यामुळे सगळेच गोळे, समजा, दीडशे मीटर लांब आणि चाळीस मीटर डावीकडे पडतात. ही चूक सुधारता येते. दुसरी चूक प्रत्येक गोळ्याची स्वतःची असते आणि ती कोणालाच सुधारता येत नाही.

खेळात मारा सुरू होताना पहिली चूक एकदाच ठरवा आणि तो मारा संपेपर्यंत, किंवा तोफ हलेपर्यंत, तीच ठेवा. दुसरी चूक प्रत्येक गोळ्याला नव्याने काढा. ती लांबीच्या दिशेत जास्त आणि रुंदीच्या दिशेत कमी हवी. सुरुवातीला तीन हजार मीटरवर लांबीत २५ आणि रुंदीत ८ मीटरचं प्रमाण विचलन घेऊन पाहा आणि खेळून जुळवा. गोळे लांबट पट्ट्यात पडतील, मधोमध दाट आणि टोकांना विरळ.

एवढं केलं की निरीक्षकाच्या कामाला अर्थ येतो. पहिला गोळा लक्ष्यापलीकडे पडला, तो म्हणतो ‘जवळ दोनशे’. दुसरा अलीकडे पडला, ‘लांब शंभर’. तिसरा पुन्हा पलीकडे, ‘जवळ पन्नास, मारा सुरू’. लक्ष्याला दोन्ही बाजूंनी घेरत अंतर निम्मं निम्मं करण्याची ही जुनी पद्धत आहे. प्रत्येक फेरीला उड्डाणाचा वेळ आणि बोलण्याचा वेळ धरला तर दीड-दोन मिनिटं जातात. समोरच्यांना इशारा मिळतो, ते हलतात, आणि त्यांनी हलावं हीच तर तोफखान्याची इच्छा.

चौथी पायरी: सर्व्हर आणि नेट

निकाल सर्व्हरनेच द्यायचा. वेगवेगळ्या फोनवर दशांशांची गणितं किंचित वेगळी येतात, आणि ३७ सेकंदांत तो किंचित फरक साठत जातो. गोळा सुटताना सर्व्हर दोन्ही चुका मिसळून वेग ठरवतो, वाट मोजतो, स्फोटाची जागा काढतो.

गोळ्याची जागा सेकंदाला वीस वेळा पाठवत बसू नका. ३७ सेकंदांच्या उड्डाणाला त्याचे ७४० संदेश होतात. त्याऐवजी सुटण्याची जागा, वेग, सर्व्हरची वेळ आणि ओळख क्रमांक असा चाळीसेक बाइटचा एकच संदेश पुरतो. फोन पुढची वाट स्वतः काढतो. संदेश उशिरा आला तरी वेळ सोबत असल्याने गोळा योग्य जागेवरून पुढे दिसतो. बंदुकीच्या खेळात सर्व्हरला नेमबाजाच्या विलंबाइतकं मागे जाऊन ‘तेव्हा शत्रू कुठे होता’ हे तपासावं लागतं. तोफेच्या गोळ्याला त्याची गरज नाही. गोळा पडला त्या क्षणी जो तिथे होता, त्याला लागला.

पण हा संदेश सगळ्यांना आधीच पाठवला तर फसवणूक करणारा त्यावरून पडण्याची जागा काढून स्वतःला वाचवेल. म्हणून डागताना इतरांना फक्त आवाज आणि झळाळी कळवा. गोळा ज्यांच्याजवळ पडणार त्यांना तो शेवटच्या तीन-चार सेकंदांत दाखवा. बहुतेक सर्व्हर खेळाडूला त्याच्या आसपासच्याच वस्तू कळवतात आणि तीन किलोमीटरवरून येणारा गोळा त्या नियमात बसत नाही, तो प्रश्नही याच उपायाने सुटतो.

धडकेची तपासणी करताना गोळा सर्व्हरच्या एका ठोक्यात (टिकमध्ये) कुठून कुठे गेला ती पूर्ण रेषा तपासा. सेकंदाला २० ठोके असतील तर २०० मीटर वेगाचा गोळा एका ठोक्यात दहा मीटर उडी मारतो. फक्त टोकं तपासली तर तो घराचं छप्पर न फोडता आरपार निघून जाईल.

पाचवी पायरी: ज्याच्यावर गोळा पडतो त्याचा विचार

न दिसणाऱ्या शत्रूने मारलं की खेळाडू चिडतो. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ या रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळात तोफखान्याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी होत्या. अखेर २०१७ मध्ये ९.१८ या आवृत्तीत खेळ बनवणाऱ्यांनी तोफांचा विध्वंस कमी केला, धक्क्याने रणगाडा काही काळ मंद होईल असा परिणाम आणला, आणि एका संघात तीनच तोफवाहनांची मर्यादा घातली. धक्क्याच्या परिणामावरही मग तक्रारी झाल्याच. कारण काही सेकंद हातातला ताबा जाणं हेही खेळाडूला सहन होत नाही.

यातून माझा सल्ला असा. मरण क्वचित, दबाव नेहमी, आणि सूचना कायम. स्फोटापासून पाच मीटरच्या आत जबर इजा, तीस मीटरपर्यंत ती उतरत शून्यावर यावी. स्फोटापासून डोकं, छाती आणि पाय अशा तीन रेषा काढा आणि जेवढ्या मोकळ्या तेवढीच इजा द्या. बांधाआड आडवा पडलेला माणूस वाचला पाहिजे. दबाव म्हणून नेम हलावा, नजर किंचित धूसर व्हावी, कान सुन्न व्हावेत, पण धावण्या-लपण्याचा ताबा खेळाडूकडेच राहू द्या. अडगावच्या शिपायांना पाय होते म्हणून ते पळाले. खेळाडूचे पाय बांधू नका.

सूचना आवाजातून द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपल्या उदाहरणातल्या तोफेचा धडाका तीन किलोमीटरवर नऊ सेकंदांत पोचेल आणि गोळा सोळाव्या किंवा सदतिसाव्या सेकंदाला. म्हणजे कान देऊन खेळणाऱ्याला सात ते अठ्ठावीस सेकंद मिळतात. शेवटच्या तीन सेकंदांत शीळ ऐकू यावी. खऱ्या मोठ्या तोफांचा गोळा आवाजापेक्षा वेगवान सुटतो आणि ही सोय नेहमी मिळत नाही. उखळी तोफ निवडण्याचं हेही एक कारण.

सहावी पायरी: उत्तर देण्याची वाट

प्रत्येक शस्त्राला उतारा हवा. तोफेचे उतारे तीन. पहिला, तिचा माग लागणं. डीआरडीओ आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने विकसित केलेलं ‘स्वाती’ रडार उडत्या गोळ्याची वाट टिपून तो कुठून सुटला ते सांगतं. खेळात असं रडार दोन्ही संघांना द्या, किंवा निदान खड्ड्याच्या आकारावरून गोळा कोणत्या दिशेने आला ते वाचता येऊ द्या. एकाच जागेवरून जास्त गोळे डागले की जागा उघडी पडावी. मग तोफ हलवावी लागते, आणि मांडायला-उचलायला वीस-तीस सेकंद लागले की जोखीम जाणवते.

दुसरा उतारा दारूगोळ्याचा. गोळे ट्रकने आणावे लागू द्या. ट्रक अडवणाऱ्या दोघांनी अख्खी तोफ गप्प केली, हा प्रसंग खेळाडू वर्षभर सांगत राहतील.

तिसरा उतारा मर्यादेचा. वीसजणांच्या संघात दोन उखळी तोफा पुरे. खेळाडू जिथे नव्याने उतरतात तिथे मारा बंद ठेवा. आपल्याच माणसांजवळ मारा मागितला तर निरीक्षकाला ठळक इशारा देऊन पुन्हा खात्री करून घ्या.

हे सगळं बसल्यावरच रॉकेटांकडे वळा. पुण्याच्या एआरडीई या संस्थेने घडवलेली पिनाक प्रणाली ४४ सेकंदांत बारा रॉकेटं सोडते. असं शस्त्र सामन्यात एखाद-दोनदाच मिळावं आणि त्यासाठी संघाने काहीतरी कमावलेलं असावं.

नकाशा आपल्या मातीचा घ्या

तोफखान्याला चढउतार हवा आणि तो अमरावती जिल्ह्यात तयार आहे. खाली कपाशी-तुरीची सपाट काळी जमीन, वर गाविलगडचे डोंगर, कडे आणि खोल दऱ्या. इस्रोच्या ‘भुवन’वर आणि अमेरिकेच्या एसआरटीएम नोंदींत जमिनीच्या उंचीचे आकडे मोफत मिळतात. ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा, एवढी त्यांची बारकाई. त्यामुळे कडा गुळगुळीत उतार होऊन येतो आणि तट तर दिसतच नाही. कडे, तट, बुरूज, नाले हाताने घडवा. शेतात उभी तूर माणसाला लपवते, पण गोळ्याला अडवत नाही, हा फरक नकाशात जपा. फोनवर दूरची जमीन हलकी करून दाखवत असाल तर स्फोट हवेत लटकलेला दिसेल. म्हणून स्फोटाची उंची त्या फोनवर दिसणाऱ्या जमिनीशी जुळवून दाखवा. इजा मात्र सर्व्हरच्याच जमिनीवरून मोजा.

कामाचा क्रम

गोडो हे इंजिन मोफत आणि मुक्त परवान्याचं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यावर आधी एकट्याने खेळायची तोफ बनवा: सपाट जमीन, एक लक्ष्य, पल्ल्याचा तक्ता. तक्त्यातला कोन लावला की गोळा तक्त्याप्रमाणे पडतो का, हे पाहा. मग दोन्ही प्रकारच्या चुका घाला. मग निरीक्षक आणा आणि दोन मित्रांना फक्त आज्ञांवर लक्ष्य गाठायला लावा. हे तिघांना मजेचं वाटत नसेल तर पुढे जाऊ नका, आज्ञा आणि तक्ता सुधारा. त्यानंतर सर्व्हर, मग इजा आणि दबाव, मग रडार आणि दारूगोळा, आणि सर्वांत शेवटी चित्रं व धुराळा.

चाचणी चांगल्या नेटवर करू नका. लिनक्समधल्या नेटएमसारख्या साधनाने मुद्दाम तीनशे मिलिसेकंदांचा विलंब आणि थोडी गळती घाला. एकाला नांदगावच्या मोबाइल नेटवर बसवा, दुसऱ्याला अमरावतीच्या वायफायवर. दोघांचे गोळे सारखेच लागले पाहिजेत.

सामना संपला की प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. तोफेने मेलेल्याला विचारा, ‘गोळा का पडला आणि तू काय करायला हवं होतंस?’ डागणाऱ्याला विचारा, ‘हा गोळा कोणाच्या सांगण्यावरून पडला?’ पहिल्याला कारण सांगता आलं आणि दुसऱ्याने साथीदाराचं नाव घेतलं, तर तोफखाना नीट बसला. तसं झालं नाही तर आकडे बदलण्याआधी सूचना आणि बोलणं तपासा, दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.